डबल बास आणि आयेचे कान

विद्यापीठाच्या वाद्यवृंदात मी शिरलो तो हमाल म्हणून.

पुण्यातल्या एका विद्यापीठात मी भूगोलाचं एम.ए. करत होतो. एका संध्याकाळी ग्रंथालयाकडे जाताना बघतो तर जुन्या दगडी इमारतीच्या जिन्यात चार मुलं एक भलीमोठी लाकडी वस्तू घेऊन अडकलेली. आकार व्हायोलिनचा, पण उंची माणसापेक्षा जास्त. दोघं वरून ओढत होते, दोघं खालून ढकलत होते आणि वरच्या पायरीवर पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ "अरे, मान सांभाळा तिची, मान!" म्हणून कळवळत होते. मी भाताची पोती उचलत वाढलेला. म्हटलं, "सोडा. बाजूला व्हा जरा." वाकून ते धूड पाठीवर घेतलं आणि दोन मजले चढून खोलीत नेऊन उभं केलं. पोत्यापेक्षा हलकंच होतं.

त्या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बोटं दाखव."

मी दाखवली. कोयत्याचे दोन जुने वण होते, तेही त्यांनी निरखून पाहिले.

"हे वाजवणारा मुलगा पास होऊन गेला. उद्या पाचला ये."

"सर, मला काहीच वाजवता येत नाही."

"उचलता येतं ना? बाकीचं शिकवता येतं."

तो डबल बास. आणि ते आमचे सर. मूळ गोव्याचे. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवायचे, नंतर सिनेमांच्या रेकॉर्डिंगमध्ये. म्हातारपणी पुण्यात स्थायिक झाले आणि विद्यापीठानं त्यांच्याकडे हा वाद्यवृंद सोपवला. वीस-बावीस पोरंपोरी होतो आम्ही. वाजवायचो काय, तर आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळची जॅझ, आणि त्याच वळणाची जुनी सिनेमाची गाणी. ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, पियानो, ड्रम, आणि गाणारी एक मुलगी. आणि सगळ्यांच्या मागं, कोपऱ्यात, मी.

पहिले दोन महिने बोटांना नुसते फोड आले. सर म्हणायचे, बासवाल्यानं फक्त चालायचं. बाकीचे उड्या मारतील, पळतील, मध्येच गप्प बसतील. आपण चालत राहायचं, एका मापात. मला ते साधत नव्हतं. ट्रंपेट चढलं की माझाही वेग वाढायचा. एकदा त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि मला विचारलं, "तुझ्या गावाला कसा जातोस?"

मी सांगितलं. घोडेगावपर्यंत एसटी, तिथून मिळाली तर तळेघरची गाडी, नाहीतर जीप, आणि तळेघरापासून आमच्या वाडीपर्यंत तासभर पायी.

"त्या तासात पळतोस?"

"नाही सर. चढ आहे. पळलं तर दम लागतो."

"मग इथं का पळतोस?"

पोरं हसली. मीही हसलो. पण त्या दिवसापासून वाजवताना मला आमची पायवाट दिसायला लागली आणि वेग आवरला.

घरी मी हे लगेच सांगितलं नाही. घरी म्हणजे दादा, वहिनी, त्यांची चार वर्षांची मुलगी आणि आये. वडील तीन वर्षांपूर्वी गेले होते. आयेला सांगायचं तर अडचणच होती, कारण तिला ऐकू येत नव्हतं. तळेघरात भात सडायची गिरणी आहे. आये तिथं लग्नानंतर पंधरा-सोळा वर्षं कामाला होती. इंजिनाशेजारी उभी राहून पोती रिकामी करायची, तांदूळ-कोंडा वेगळा भरायचा. घरी आल्यावरसुद्धा कानात गिरणी चालू राहते म्हणायची. हळूहळू तिला शब्द कळेनासे झाले. आवाज आल्यासारखा वाटायचा, पण काय म्हटलं ते लागायचं नाही. मग आम्ही ओरडायला लागलो. आमच्या घरात आयेशी बोलायचं म्हणजे गळ्याच्या शिरा ताणून बोलायचं. तेही तिला निम्मंच कळायचं. मग पोरं कंटाळतात तसे आम्ही कंटाळलो. भाकरी, पाणी, औषध, एवढंच खुणेनं. घोडेगावच्या शिबिरात तिला कानाचं मशीनही मिळालं. ते कानात शिट्टी मारायचं. दोन दिवसांत तिनं ते काढून मिसरीच्या रिकाम्या डबीत घालून ठेवलं. "माझं डोकं भणाणतंय त्यानं," म्हणाली, आणि विषय संपवला.

दादाला फोनवर शेवटी मी वाद्यवृंदाचं सांगितलं, तेव्हा त्यानं आधी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाला, "तू शिकायला गेलाय का वाजवायला?"

"दोन्ही."

"मंग लग्नाच्या सुपाऱ्या घेता का तुमी?"

"नाही रे दादा."

"मंग उपयोग काय त्याचा?"

मी पुतणीचं विचारून विषय बदलला.

आमची ट्रंपेट वाजवणारी मुलगी ओतूरची. जैन व्यापाऱ्याचं घर, बाजारपेठेत कापडाचं दुकान. तिच्या वडिलांना मुलीच्या ट्रंपेटचं आधी कौतुक नव्हतं. लाज होती म्हटलं तरी चालेल. मुलीनं पेटी वाजवावी, गाणं शिकावं, पण गाल फुगवून हे काय? पण एकदा पुण्यात त्यांनी आमचा कार्यक्रम पाहिला आणि ते पार बदलले. त्यांनीच ओतूरच्या एका कॉलेजात शब्द टाकला आणि जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात दुपारी आमचा कार्यक्रम ठरला.

मी दादाला फोन केला. म्हटलं, आयेला घेऊन ये.

"तिला काय ऐकू येनार हाय? उगं एवढ्या लांब दमवायची म्हातारीला."

"ऐकू नाही आलं तर बघेल. मला बघेल ना."

दादानं खळखळ केली, पण आणलं. आदल्या दिवशी ते शिनोलीला मावशीकडे मुक्कामाला आले. मावशी म्हणजे आयेची धाकटी बहीण, तिलाही यायचंच होतं. सकाळी शिनोलीहून घोडेगाव, तिथून जुन्नर, जुन्नरहून ओतूर, असे तिघं एसटीनं आले. आम्ही पुण्याहून बसनं पोचलो तेव्हा तिघं मांडवाच्या दाराशी उभी होती. आयेनं लग्नाकार्याचं हिरवं लुगडं नेसलं होतं. मी पायाशी वाकलो तर तिनं माझ्या काळ्या कोटाची बाही दोन बोटांत धरून कापड तपासलं. मग माझ्या पाठीवरच्या बासच्या भल्यामोठ्या पिशवीकडे बघून मावशीला मोठ्यानं विचारलं, "यात काय हाय, कुणी मेलंय का?" ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं मोठ्यानं बोलतात. आजूबाजूची कॉलेजची पोरं फुटून हसली.

मांडव भरलेला होता. पुढची रांग पाहुण्यांची, मागं सगळी पोरं. ट्रंपेटवालीचे वडील व्यवस्थेत पुढं होते. त्यांनी आयेला पाहिलं, ती माझी आई हे कळलं, आणि म्हणाले, "आईंना मागं कशाला? इकडं या." पण पुढच्या रांगेत जागा नव्हती. त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि सरळ स्टेजवरच, कडेला, माझ्यापासून दोन हातांवर नेऊन ठेवली. लाकडी फळ्यांचं स्टेज होतं. आये पडद्याच्या आडोशाला पाय खाली टेकून, हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी बसली. चपला तिनं पायरीपाशी काढल्या होत्या.

सुरुवात वाईट झाली. साउंडवाल्यानं सगळीकडे माईक लावले होते आणि पहिल्या सुरालाच कर्ण्यांतून अशी शीळ निघाली की पोरांनी कानांवर हात ठेवले. दुसऱ्यांदा तेच. सरांनी वाजवणं थांबवलं, खाली उतरले आणि अगदी गोड शब्दांत साउंडवाल्याला म्हणाले, "भाऊ, फक्त गाणाऱ्या मुलीचा ठेवा. बाकी सगळे बंद." तो म्हणाला, "सर, मागं ऐकू नाय येनार." सर म्हणाले, "ज्याला ऐकायचंय तो गप्प बसेल."

आणि झालंही तसंच. पहिल्या गाण्याला मागं कुजबुज होती. दुसऱ्या गाण्यात ट्रंपेटवाली उभी राहिली, आपल्या गावची पोर ओळखून शिट्ट्या झाल्या, आणि तिनं तो लांब सूर लावला तसा मांडव गप्प झाला. पुढं मग मजा आली. जुनं सिनेमाचं गाणं लागलं की पाहुण्यांच्या रांगेतली म्हातारी माणसं माना डोलवायची. जॅझला पोरांनी आपोआप टाळ्यांचा ठेका धरला, जरा चुकीच्या जागी, पण धरला.

मध्ये एक संथ गाणं होतं. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि माझ्यापुढचा कागद उडाला. मी गडबडलो. हात थांबला. चार ठोके गेले, कदाचित पाच. ड्रमवाल्यानं सांभाळून घेतलं, मी पुन्हा वाट धरली. सरांनी फक्त एक भुवई उचलली. समोरच्या कुणाला पत्ता लागला नाही.

या सगळ्यात मी आयेकडे दोनदाच बघितलं. पहिल्यांदा ती समोरच्या गर्दीकडे बघत होती. दुसऱ्यांदा तिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, दमली, झोप लागली. वाईट वाटलं, पण राग नाही आला. सकाळपासून प्रवास करून आलेली बाई.

कार्यक्रम संपल्यावर मांडवामागं चहा होता. दादा आला, खूश होता. खांद्यावर थाप मारून म्हणाला, "लई भारी राव! ती पिपाणीवाली पोरगी तर लईच." मग जरा थांबून म्हणाला, "तुझं वाजत व्हतं का रे?"

"वाजत होतं."

"न्हाई, मी शेवटच्या रांगेत व्हतो ना. मला बोटं हलताना दिसली, पन आवाज काय आला न्हाई."

मावशी म्हणाली, "मला तर वाटलं तू ते धरून उभा हायेस. पडू नये म्हनून."

मी हसलो. बासवाल्याला हे ऐकायची सवय असते. पण इतके महिने बोटं सोलून घेतलेली, आणि आज घरची माणसं समोर होती. चहाचा कप हातात तसाच राहिला.

आये शेजारी उभी होती. तिला आमचं बोलणं कळलेलं नव्हतं. तिनं माझा मोकळा हात ओढून घेतला, तळवा वर केला आणि त्यावर दोन बोटांनी ठोकायला लागली. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. चालीत. मला कळेना. मग ती म्हणाली, "तुझं आलं मला. बाकीच्यांचं काय न्हाई आलं. नुसतं चिवचिवल्यावानी. तुझं आलं."

मी भुवया उंचावून खुणेनं विचारलं, कसं?

"पायातून आलं. मंग कानात पन आलं." तिनं हात छातीवर ठेवला. "आपल्या गिरनीचं इंजिन कसं, पट्टा सरकला का मला पायाला कळायचं. मालकाच्या आदी कळायचं. तसं. पन हे गोड व्हतं."

दादा म्हणाला, "तिला काय कळतंय, उगं तुझं मन राखायला बोलतीया." अर्थातच त्याला वाटलं तिला ऐकू जात नाही, म्हणून तो तिच्यासमोरच बोलला.

आयेचं लक्ष माझ्या हातावरच होतं. ती पुन्हा ठोकत होती, आता हळू. एक, दोन, तीन, चार. मध्येच थांबली. बोटं हवेतच धरली. मग परत सुरू केली.

"हितं थांबला व्हतास," ती म्हणाली. "का थांबला? बोट कापलं का काय?"

चहाचा कप मी कुठं ठेवला ते मला आठवत नाही. त्या मांडवात सरांशिवाय आणि ड्रमवाल्याशिवाय कुणालाही न कळलेली माझी चूक माझ्या बहिऱ्या आईनं मला हातावर वाजवून दाखवली होती.

मी सरांना शोधून आणलं आणि घाईघाईनं सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "माझंही तेच झालंय," ते म्हणाले. "ट्रंपेटसमोर बसून आयुष्य गेलं. वरचे सूर आधी जातात. तू बासवर चुकलास ते मला कळतं, पण मोबाइल वाजलेला कळत नाही." मग त्यांनी विचारलं, "आईशी बोलता कसे तुम्ही?"

"ओरडून."

"ओरडलं की आवाज वर चढतो. वरचंच तर त्यांना ऐकू येत नाही. खालच्या आवाजात बोल. बासासारखं. हळू, एकेक शब्द."

मी आयेच्या कानाशी वाकलो. खरं सांगतो, मला लाज वाटली, एवढी माणसं आजूबाजूला. आवाज पोटातून काढला, जाड, आणि सावकाश म्हटलं, "आये, पाय दुखत्यात का?"

"न्हाई रं," ती म्हणाली. "बसूनच तर आले एसटीत."

आणि मग तिच्या लक्षात आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. मी ओरडलो नव्हतो, आणि तिनं "आँ?" म्हटलं नव्हतं. मावशीनं तोंडाला पदर लावला. दादा पुढं झाला. त्याचा आवाज मुळात बारीक. तो घसा खाकरून, जमेल तेवढा जाड आवाज काढून म्हणाला, "आये, मी बोलतोय. कळतंय का?"

"कळतंय," आये म्हणाली. "सर्दी झाली का तुला?"

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाला सुट्टी होती. बास बसमध्ये पोरांच्या हवाली केला आणि मी आयेबरोबर घरी निघालो. रात्री शिनोलीला मावशीकडे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी जेवून पुढं निघालो. तळेघरात जीपमधून उतरल्यावर दादा बी-बियाण्याच्या दुकानात कामासाठी थांबला, आणि आम्ही दोघं पुढं चालायला लागलो. उन्हं कलायला अजून वेळ होता. दोन्ही बाजूंना कापून झालेली भाताची खाचरं. मी तिच्या उजव्या बाजूनं चालत होतो, कारण तो कान जरा बरा आहे हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. ती विचारत होती, मी जाड आवाजात सांगत होतो. पुण्यात जेवायला काय देतात. त्या ट्रंपेटवाल्या पोरीचं लग्न ठरलंय का. वरच्या आळीतली तिची मैत्रीण कशानं गेली. ती मैत्रीण जाऊन वर्ष झालं होतं. आयेला ती गेली एवढंच माहीत होतं. कशानं ते कुणी सांगायचे कष्ट घेतले नव्हते.

चढाच्या आधी एक जांभळाचं झाड आहे. तिथं ती टेकली. चपलेतला खडा काढून टाकला. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुमी माझ्यावर चिडून असता."

"का?"

"सगळी तोंडं वाकडी करून बोलायची. शिरा ताणून. राग आल्याबिगर मानूस असं बोलतं व्हय?"

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुजा बाप जाताना काय बोलला? दवाखान्यात तूच व्हतास संगं. मी आले तवा तुमी सगळी रडत व्हता. मंग मला कुणी सांगितलंच न्हाई. मीबी विचारलं न्हाई. विचारलं असतं तर तुमी वरडून सांगितलं असतं, आन् सगळ्या वाडीनं ऐकलं असतं."

तीन वर्षं तिनं हे मनात ठेवलं होतं. मी तिच्या कानापाशी गेलो. वडील घोडेगावच्या दवाखान्यात होते. दुपारी त्यांनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले, आणि म्हणाले, "तुजी आई चालत निघंल. तिला चालू देऊ नका. कुनाच्या तरी गाडीवर आना." त्यानंतर ते बोलले नाहीत.

मी हे सांगितलं, शब्द शब्द सुटा करून. तिनं सगळं ऐकलं. एकदाही परत विचारलं नाही.

"आन् मी चालतच निघाले व्हते," ती म्हणाली. "तळेघरापातूर. मंग जीप घावली." तिनं लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं रडेल, पण ती हसत होती, ओठ घट्ट मिटून. "वळखून व्हता मला," म्हणाली. आणि मला हात दे म्हणून हात पुढं केला. मी तिला उठवलं.

त्याला आता सहा वर्षं झाली. वाद्यवृंदातली आम्ही सगळी पांगलो. मी नारायणगावजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. सरांना आता मोबाइल वाजलेला अजिबात ऐकू येत नाही, म्हणून मी त्यांना पत्र लिहितो, आणि ते उलट टपाली चार ओळींत माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढतात. कानाच्या डॉक्टरनं आयेचं मशीन पुन्हा नीट लावून दिलं. टीव्ही बघताना ती ते घालते, माणसांशी बोलताना काढून ठेवते. वहिनी पहिल्यांदा लाजायची, मग तिलाही जाड आवाज जमला.

खरी पंचाईत दादाच्या मुलीची होती. चिमणीसारखा आवाज, तो आज्जीपर्यंत पोचायचाच नाही. तिनं स्वतःच युक्ती काढली. हनुवटी छातीला टेकवायची, गाल फुगवायचे आणि बाप्यागत बोलायचं. आता ती दहा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिच्या बाईंनी दादाला शाळेत बोलावून घेतलं. म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, पण वर्गात उभी राहून कविता म्हणायला लागली की कुणीतरी पन्नाशीचा माणूस बोलतोय असं वाटतं. घरी काही आजारपण झालं होतं का?

दादा म्हणाला, "न्हाई बाई. ती आज्जीची लाडकी हाय."